चिलरचे चित्र गेले कुठे?

बीएमएसच्या, म्हणजे इमारत व्यवस्थापन प्रणालीच्या, पडद्यावर चिलरचे पान उघडलेले आहे. जाणारे पाणी ७ अंश, परतीचे १२ अंश, पंप चालू, व्हॉल्व्ह ४० टक्के उघडा. सगळे आकडे जिवंत आहेत, थोड्या थोड्या वेळाने हलतही आहेत. फक्त चिलर नाही. त्याचे करडे-निळे चित्र असायचे तिथे रिकामी चौकट आहे आणि आकडे अधांतरी लटकले आहेत. रात्रपाळीच्या ऑपरेटरला वाटते, सिस्टीम बसली. तो फोन लावतो. पलीकडून कुणीतरी झोपेत सांगतो, ‘कंट्रोलर रीस्टार्ट करून बघ.’ कंट्रोलर रीस्टार्ट होतो, तेवढी मिनिटे इमारतीचे एएचयू (एअर हँडलिंग युनिट) वाऱ्यावर, आणि पान पुन्हा उघडावे तर चित्र अजूनही नाही.

नसणारच. पडद्यावरचा आकडा सेन्सरपासून कंट्रोलरमार्गे येतो. चित्र येते डिस्कवरच्या कुठल्यातरी फोल्डरमधून. पानाला त्या फाइलचा फक्त पत्ता, म्हणजे पाथ, ठाऊक असतो. फोल्डरचे नाव बदलले, फाइल हलली, नवा सर्व्हर आला, की तो पत्ता खोटा ठरतो आणि पान मुकाट्याने रिकामी चौकट दाखवते. अलार्म वाजत नाही, त्यामुळे हा बिघाड किरकोळ समजला जातो. पण अनेक इमारतींत मजल्याचा नकाशाच चित्र म्हणून पानामागे लावलेला असतो. तो गेला की उरतात नुसती लाल-हिरवी टिंबे. त्यातले ऑपरेशन थिएटरच्या एएचयूचे कुठले आणि कँटीनच्या एएचयूचे कुठले, हे रात्री तीन वाजता कुणी सांगावे?

दुरुस्ती तशी अवघड नाही. ती नीट, एकदाच आणि पुन्हा बिघडणार नाही अशी करायची तर मात्र पाथ कसा वाचला जातो हे समजून घ्यावे लागते. प्रत्येक सॉफ्टवेअरची तऱ्हा वेगळी असते, म्हणून इथे उदाहरणादाखल नायगारा घेतले आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या ट्रायडियम कंपनीचे हे सॉफ्टवेअर. २००५ साली हनीवेलने ती कंपनी विकत घेतली. पण नायगारा भेटते ते अनेक नावांनी: कुठे व्हायकॉन, कुठे डिस्टेकचे ईसी-नेट, कुठे हनीवेलचेच वेब्स. त्यामुळे आपल्या इमारतीत नायगारा आहे हे कित्येक फॅसिलिटी मॅनेजरांना माहीतच नसते. पडद्यावर ‘वर्कबेंच’ (इंजिनीअरचे काम करण्याचे साधन), ‘स्टेशन’ (इमारतीचा चालू प्रोग्राम आणि त्याच्या फाइली), ‘जेस’ (कंट्रोलर) असे शब्द दिसत असतील तर ते नायगाराच आहे असे समजायला हरकत नाही.

नायगारातले ग्राफिक्सचे प्रत्येक पान म्हणजे पीएक्स नावाची एक फाइल. ती एक्सएमएलमध्ये लिहिलेली असते, म्हणजे साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडता आणि वाचता येते. एखाद्या एएचयूच्या पानाची पीएक्स फाइल उघडली तर मधेच अशी ओळ सापडते (मूळ अर्थात रोमन अक्षरांत):

<पिक्चर लेआउट="१२०,८०,६४०,३६०" इमेज="फाइल:^इमेजेस/एएचयू_०१.पीएनजी"/>

पहिले चार आकडे चित्र कुठे ठेवायचे आणि केवढे दाखवायचे ते सांगतात. खरी मेख आहे पुढच्या भागात, ‘फाइल:’नंतरच्या त्या छोट्या टोपीत. नायगारात अशा पत्त्याला ‘ऑर्ड’ म्हणतात आणि टोपीचा अर्थ ‘हे स्टेशन ज्या फोल्डरमध्ये राहते तिथून’ असा. स्टेशन पुण्यातल्या लॅपटॉपवर असो, ठाण्यातल्या सर्व्हरवर असो की तळघरातल्या पॅनेलमधल्या जेसवर, टोपी त्या त्या ठिकाणचे स्टेशनचे घर दाखवते. ‘मारुतीच्या देवळामागचे घर’ हा पत्ता कुठल्याही गावात चालतो, कारण मारुतीचे देऊळ गावोगाव असतेच, तसेच हे. टोपीऐवजी उद्गारचिन्ह असेल तर शोध नायगाराच्या स्वतःच्या इन्स्टॉलेशन फोल्डरमध्ये होतो, लाटेसारखी खूण असेल तर त्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये. ‘मॉड्यूल:’ने सुरू होणारा पत्ता नायगाराबरोबर येणाऱ्या किंवा कुणी बनवून दिलेल्या चित्रसंग्रहाकडे जातो, तयार पंखे, पंप, डॅम्पर यांची चित्रे बहुधा तिथलीच.

आणि एक पाचवा प्रकार असतो. ‘फाइल:/सी:/’ अशी सुरुवात, पुढे युजर्स, पुढे कुणा इंजिनीअरचे नाव, पुढे डेस्कटॉप, पुढे ‘न्यू फोल्डर’. ही या विषयातली सगळ्यांत मोठी डोकेदुखी. ग्राफिक्स करणाऱ्याने घाईत आपल्या लॅपटॉपवरचे चित्र थेट पानावर ओढले, स्टेशनच्या फोल्डरमध्ये कॉपी केलेच नाही, की असा पाथ तयार होतो. त्याच्या लॅपटॉपवर चित्र झकास दिसते, कारण फाइल तिथेच आहे. हॅन्डओव्हरच्या दिवशी तोच लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला असतो, तेव्हाही दिसते. ग्राहक सही करतो. इंजिनीअर लॅपटॉप घेऊन पुढच्या साइटवर जातो आणि दुसऱ्या दिवशी बीएमएस रूममध्ये रिकाम्या चौकटी उगवतात.

म्हणून दुरुस्तीला बसण्याआधी एकच ठरवून टाकावे. चित्र स्टेशनच्या आतच राहील आणि त्याचा पाथ टोपीने सुरू होईल. सगळीकडे वापरायचे चित्र मॉड्यूलमध्ये घालण्याची पद्धत मोठ्या कंपन्यांना सोयीची आहे. साठ साइटवर एकच लोगो आणि एकाच धाटणीचे पंखे हवे असतील तर ती जरूर वापरावी. पण मॉड्यूल त्या प्रत्येक यंत्रावर बसवावे लागते आणि नायगाराच्या नव्या आवृत्त्या डिजिटल सही नसलेल्या मॉड्यूलला सहजासहजी आत घेत नाहीत. एका इमारतीसाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

पाथ बिघडण्याचे प्रसंग ठरावीक असतात. लॅपटॉपचा किस्सा वर आलाच. दुसरा मोठा प्रसंग म्हणजे जुने नायगारा एएक्स सोडून नायगारा ४ वर जाणे. नायगारा ४ आले २०१५ मध्ये, आणि सुरक्षेसाठी त्यात फोल्डरांची मांडणी बदलली. एएक्समध्ये टोपी म्हणजे थेट स्टेशनचे फोल्डर होते. नायगारा ४ मध्ये स्टेशनच्या फोल्डरात ‘शेअर्ड’ नावाचे एक उपफोल्डर असते आणि टोपी तिथपर्यंतच पोचते. बाकीचा भाग बाहेरच्यांसाठी बंद. ट्रायडियमचे मायग्रेशन टूल वापरले तर ते फाइली योग्य जागी हलवते. पण स्टेशन टूलने हलवले आणि चित्रांचे फोल्डर मागाहून कुणी पेनड्राइव्हवरून हाताने टाकले, तेही जुन्या सवयीने शेअर्डच्या बाहेर, तर मजेशीर अवस्था होते. पीएक्समधला पाथ एका अक्षरानेही बदललेला नसतो, फाइल डिस्कवर डोळ्यांना दिसत असते आणि पान म्हणते चित्र नाही. इथे शोधा-बदला करत बसू नये. फोल्डर शेअर्डमध्ये हलवावे, काम झाले. एएक्सच्या काळात काहींनी आपली चित्रे उद्गारचिन्हाच्या जागी, म्हणजे नायगाराच्या इन्स्टॉलेशनमध्येच, कोंबून ठेवली होती. नायगारा ४ मध्ये त्या जागेत आपले सामान ठेवायचे नसते, त्यामुळे ती चित्रे मात्र बाहेर काढून शेअर्डमध्ये आणावी लागतात आणि त्यांचे पाथ बदलावेच लागतात.

तिसरा प्रसंग छोटा पण फसवा आहे, तो म्हणजे लहान-मोठी अक्षरे. विंडोजला ‘फॅन.पीएनजी’ हे नाव लहान रोमन अक्षरांत लिहिले काय, मोठ्या लिहिले काय, फरक पडत नाही. बऱ्याच जेस कंट्रोलरवर क्यूएनएक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम असते, काही सर्व्हर लिनक्सवर असतात. तिथे ती दोन वेगळी नावे ठरतात. मोबाइलच्या किंवा कॅमेऱ्याच्या फोटोंचे शेवटचे ‘जेपीजी’ अनेकदा मोठ्या अक्षरांत येते, पाथमध्ये मात्र कुणीतरी ते हाताने लहान टाइप केलेले असते. लॅपटॉपवर दिसते आणि जेसवर दिसत नाही, पण पाथ तर टोपीनेच सुरू होतो, अशी तक्रार असेल तर आधी अक्षरे तपासावीत. फाइलींची नावे सरसकट लहान रोमन अक्षरांत, मधे स्पेस न सोडता, कंस न घालता ठेवली तर हा त्रास उद्भवत नाही. ब्राउझरच्या पत्त्यात स्पेसचे रूपांतर टक्के-वीस असे होते आणि मधल्या एखाद्या टप्प्यावर ते उलगडायचे राहून जाते. देवनागरीत नाव द्यायचा मोहही आवरावा. पानावरचे लेबल खुशाल मराठीत असावे, फाइलचे नाव नको.

आता प्रत्यक्ष काम.

सुरुवात बॅकअपने करावी, आणि तो दोन प्रकारचा असावा. एक, वर्कबेंचमधून स्टेशनचा पूर्ण बॅकअप. दोन, पीएक्स फाइली आणि चित्रे असलेल्या फोल्डरांची वेगळी, साधी प्रत, नावात तारीख घातलेली. पूर्ण बॅकअप स्टेशन कोसळले तर उपयोगी. एक पान बिघडले तर त्याच्यासाठी अख्खे स्टेशन मागे नेणे कुणालाच परवडत नाही. मधल्या काळात बदललेले सेटपॉइंट, वेळापत्रके, अलार्मच्या मर्यादा सगळे पुसले जाईल. साधी प्रत असेल तर ते एक पान तेवढे परत ठेवता येते.

मग मोजणी. चार-पाच पानेच असतील तर पीएक्स एडिटरमध्ये पान उघडावे, चित्रावर क्लिक करावे, प्रॉपर्टीजमधल्या ‘इमेज’च्या ओळीत पाथ दिसेल तो बदलावा. पण तीस-चाळीस पाने असली तर हा मार्ग माणसाला रडवतो. त्या वेळी पीएक्स फाइलींची प्रत लॅपटॉपवर घ्यावी आणि नोटपॅड प्लस प्लससारख्या एडिटरमधून पूर्ण फोल्डरात एकदम शोध घ्यावा. शोधायचे काय? आधी ‘फाइल:/’ शोधावे, म्हणजे लॅपटॉपचे पत्ते उघडे पडतील. मग जुन्या फोल्डरचे नाव. एडिटर खाली यादी देतो: अमुक फाइल, तमुक ओळ, एकूण इतक्या ठिकाणी. तो एकूण आकडा कागदावर लिहून ठेवावा. बदल झाल्यावर नवा पाथ शोधला की तेवढाच आकडा यायला हवा आणि जुना शोधला की शून्य. तपासणीचा याहून स्वस्त मार्ग नाही, आणि घाईत सगळ्यांत आधी गाळला जातो तोही हाच. (नवा पाथ आधीपासून काही पानांत असेल तर ती संख्या अगोदर मोजून वजा करावी, नाहीतर हिशेब जुळत नाही म्हणून उगाच रात्र जाते.)

‘सगळे बदला’चे बटण दाबण्यापूर्वी शोधशब्द किती मोकळा आहे ते पाहावे. नुसते ‘फॅन.पीएनजी’ शोधून बदलले तर ‘एक्झॉस्टफॅन.पीएनजी’चाही शेवट बदलतो, कारण त्याच्या पोटात तीच अक्षरे आहेत. म्हणून शोधशब्द मागच्या तिरप्या रेघेपासून पुढच्या अवतरणचिन्हापर्यंत घ्यावा, म्हणजे अर्धवट नावे जाळ्यात येत नाहीत. फाइल सेव्ह करताना तिचे एन्कोडिंग यूटीएफ-८ असेच राहू द्यावे. वर्डमध्ये ही फाइल उघडून सेव्ह करू नये. वर्ड सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे करून ठेवू शकते आणि मग चित्रच काय, अख्खे पान उघडत नाही. आणि हे काम चालू असताना दुसऱ्या कुणाच्या वर्कबेंचमध्ये तेच पान पीएक्स एडिटरमध्ये उघडे नाही ना, हे विचारून घ्यावे. त्याने संध्याकाळी सहज सेव्ह दाबले की दिवसभराची दुरुस्ती जुन्या मजकुराखाली गाडली जाते.

टेक्स्ट एडिटरची हद्द इथपर्यंतच. स्टेशनची मुख्य फाइल, जिला कॉन्फिग बॉग म्हणतात, तिला या पद्धतीने हात लावू नये. चित्राचा पाथ पीएक्समध्ये असतो, पण कुठल्या यंत्राला कुठले पीएक्स पान लावायचे हे स्टेशनच्या आत नोंदलेले असते. त्यामुळे चित्राच्या फाइलचे नाव बदलले तर पीएक्स सुधारावे लागते. पीएक्स फाइलचेच नाव बदलले तर स्टेशनमधला व्ह्यू, तोही वर्कबेंचमधून. मेनूसाठीच्या नॅव्ह फाइलीत पानांचे पत्ते असतात, ती तिसरी जागा. साफसफाईच्या भरात पीएक्स फाइलींना नवी सुटसुटीत नावे देण्याची हौस येते, ती चित्रांच्या दुरुस्तीच्या दिवशी तरी टाळावी.

कित्येकदा पाथ बदलण्याची गरजच नसते. कंपनीचे नाव बदलले, नवा लोगो आला, दीडशे पानांच्या कोपऱ्यात जुना लोगो बसला आहे. अशा वेळी दीडशे पाथ शोधण्यापेक्षा नव्या लोगोच्या फाइलला जुन्याचेच नाव द्यावे आणि त्याच जागी ठेवावी. पानांना पत्ताही लागत नाही. मात्र नवे चित्र त्याच लांबी-रुंदीच्या प्रमाणात असावे, नाहीतर लोगो ताणलेला किंवा चेपलेला दिसतो आणि मार्केटिंग विभागाचा फोन येतो. शिवाय ब्राउझर जुने चित्र आपल्या साठ्यातून दाखवत राहतो. कंट्रोल धरून एफ-५ दाबले की नवे येते. ऑपरेटरला हे आधी सांगून ठेवले नाही तर ‘बदल झालाच नाही’ असा निरोप ठरलेला.

ग्राफिक्स नव्याने होत असतील तर पाथची संख्याच कमी ठेवता येते. चाळीस सारखे एएचयू असतील तर चाळीस पीएक्स फाइली करण्याचे कारण नाही. एकच पीएक्स चाळीस ठिकाणी लावता येते. त्यात पॉइंटचे पत्ते त्या त्या यंत्राच्या सापेक्ष लिहिले की प्रत्येक एएचयू आपापले आकडे दाखवतो आणि चित्राचा पाथ एकाच फाइलीत राहतो. वरची पट्टी, लोगो, परतीचे बटण यांच्यासाठी ‘पीएक्स इन्क्लूड’ची सोय आहे: पट्टीचे एक छोटे पान करायचे आणि सगळ्या पानांत ते बसवायचे. टेंडरमध्ये ‘प्रत्येक यंत्राला स्वतंत्र ग्राफिक’ असे वाक्य असते म्हणून ठेकेदार चाळीस प्रती काढतात. त्या वाक्याचा अर्थ चाळीस फाइली असा कधीच नव्हता.

यापुढचा भाग सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. पानावर दिसणारे चित्र हे अनेकदा एक नसून चार असतात. पंखा थांबलेला असताना स्थिर चित्र, चालू असताना फिरणारे जीआयएफ, ट्रिप झाला तर लाल पंखा, संपर्क तुटला तर करडा. पॉइंटच्या स्थितीनुसार चित्र बदलण्याची ही सोय नायगारात चित्राच्या ‘इमेज’ गुणधर्मालाच जोडलेली असते, आणि प्रत्येक स्थितीच्या चित्राचा पाथ वेगळा नोंदलेला असतो. दुरुस्ती करणारा पान उघडतो, पंखा फिरताना बघतो आणि खूश होऊन पुढच्या पानाकडे जातो. लाल पंख्याचा पाथ मोडका आहे हे कळते ते पंखा खरोखर ट्रिप होतो त्या दिवशी. त्या क्षणी पडद्यावरून पंखाच नाहीसा होतो. ज्या चित्राने ऑपरेटरचे लक्ष वेधायचे तेच गायब.

हे टाळायचे तर शोध पीएक्सच्या पूर्ण मजकुरात घ्यावा, फक्त ‘पिक्चर’च्या ओळींत नव्हे, स्थितीनुसार बदलणारे पाथ त्याच फाइलीत थोडे खाली, दुसऱ्या नावाच्या ओळीत असतात. आणि तपासणी प्रत्येक स्थितीची करावी. पण कशी? चित्र बघण्यासाठी चालू इमारतीतला खरा एक्झॉस्ट पंखा ओव्हरराइड करून फिरवणे किंवा थांबवणे हा शुद्ध अविचार आहे. विशेषतः तळघराची पार्किंग, प्रयोगशाळा, इस्पितळ अशा ठिकाणी. त्याऐवजी पानाच्या प्रतीत तात्पुरता एक नकली पॉइंट जोडून त्याच्या किमती बदलून बघाव्यात. काही जण स्टेशनची प्रतच लॅपटॉपवर चालवतात. चालवायला हरकत नाही, पण तेव्हा लॅपटॉप इमारतीच्या नेटवर्कला जोडलेला नसावा. एकाच बॅकनेट नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाचा क्रमांक वेगळा असावा लागतो; ० ते ४१,९४,३०२ एवढी त्याची मुभा आहे. स्टेशनची जुळी प्रत त्याच क्रमांकाने नेटवर्कवर उगवली तर गोंधळ चित्रांपुरता राहत नाही, दोन स्टेशने एकाच डॅम्परला आज्ञा देऊ लागतात.

अंतिम तपासणी ज्याने दुरुस्ती केली त्याच्या लॅपटॉपवर कधीच करू नये, कारण कुठले चित्र खरे सर्व्हरवरून आले आणि कुठले त्याच्याच डिस्कवरून, ते तिथे कळत नाही. बीएमएस रूममधला पीसी घ्यावा, ब्राउझर उघडावा आणि ऑपरेटरच्या लॉगिनने आत जावे. अॅडमिनच्या लॉगिनने नाही. नायगारात फाइलींनाही परवानग्या असतात. चित्रांचे नवे फोल्डर ऑपरेटरला वाचण्याची मुभा असलेल्या कॅटेगरीत नसेल तर अॅडमिनला सगळे दिसते आणि ऑपरेटरला रिकाम्या चौकटी. पाथ बरोबर, फाइल जागेवर, तरी चित्र नाही. शंका आली तर ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून ‘नेटवर्क’चा टॅब उघडावा आणि पान पुन्हा लोड करावे. चित्राच्या ओळीपुढे ४०४ असेल तर त्या पत्त्यावर फाइल नाही, म्हणजे पाथ किंवा अक्षरे बघावीत. ४०३ असेल तर फाइल आहे, आत येऊ दिले जात नाही, परवानग्या बघाव्यात. दोन मिनिटांच्या या तपासणीने दोन दिवसांची फोनाफोनी वाचते.

नायगाराशिवायच्या, विंडोजवर चालणाऱ्या जुन्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्ये दुखणे तेच, लक्षणे जरा वेगळी. तिथे पाथ बहुधा पूर्ण लिहिलेले असतात. विंडोज एक्सपीच्या काळात ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’मध्ये ठेवलेली चित्रे व्हिस्टानंतर ‘युजर्स’मध्ये गेली, ३२ बिटचे सॉफ्टवेअर ६४ बिटच्या विंडोजवर बसवले की त्याच्या फोल्डरच्या नावात ‘एक्स ८६’ आला. सर्व्हर बदलताना शक्य असेल तर जुन्यासारखीच ड्राइव्हची अक्षरे आणि फोल्डरांची नावे ठेवावीत, निम्मे काम तिथेच वाचते. चित्रे नेटवर्कवरच्या ‘झेड’ ड्राइव्हवर ठेवलेली असतील तर आणखी एक खाच आहे. मॅप केलेला ड्राइव्ह लॉगिन केलेल्या माणसापुरता असतो. विंडोज सर्व्हिस म्हणून पाठीमागे चालणाऱ्या प्रोग्रामला तो दिसत नाही. समोर बसले की चित्रे दिसतात, लॉगआउट केले की वेब पानावरून जातात, हा चमत्कार त्यातूनच घडतो. तिथे दोन उलट्या रेघांनी सुरू होणारा सर्व्हरच्या नावाचा पाथ द्यावा आणि त्या सर्व्हिसच्या खात्याला फोल्डर वाचण्याची परवानगी द्यावी. एकात एक फोल्डर घालत गेल्याने पाथ लांबला तर विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादाही आडवी येते.

आणि पाथ निर्दोष असूनही चित्र दिसत नसेल तर ते चित्र कुठल्या प्रकारचे आहे ते पाहावे. अडोबीने फ्लॅशचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवला. त्याआधी क्रोमने २०१५ मध्येच जावाचे प्लगइन बंद केले होते. त्या काळातली फिरती चित्रे आजच्या ब्राउझरमध्ये कुठल्याही पाथने चालणार नाहीत. ती पीएनजी, जीआयएफ किंवा एसव्हीजीमध्ये नव्याने करावी लागतील. करताना आकाराचे भान ठेवावे. जेस-८००० वर एकूण मेमरी १ जीबी आहे आणि तिचे मुख्य काम इमारत चालवणे हे आहे. त्यावर मोबाइलने काढलेला आठ एमबीचा प्लँटरूमचा फोटो चढवून तो पडद्यावर चार इंचात दाखवायचा, याला हौस म्हणतात.

इमारतीच्या बाजूने, म्हणजे फॅसिलिटी मॅनेजरने, करायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. चित्र गेले म्हणून कंट्रोलर रीस्टार्ट करू देऊ नये. तक्रार नोंदवताना पानाचे नाव, कुठल्या पीसीवर, कुठल्या लॉगिनने, कुठल्या तारखेपासून, आणि आदल्या दिवशी सर्व्हरवर कुणी काय केले होते एवढे लिहावे. यातल्या शेवटच्या मुद्द्यातच बहुतेक वेळा उत्तर असते. एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, ठेकेदार बदलतो तेव्हा जुन्याकडे ग्राफिक्सची मूळ चित्रे राहून जातात आणि नवा माणूस ‘फाइल्सच नाहीत’ म्हणून सगळी पाने पुन्हा करण्याचे बिल लावतो. हे टाळता येते. पीएक्स फोल्डर, चित्रांचे फोल्डर, नॅव्ह फाइल, कुठले चित्र कुठल्या पानावर आहे याची एक साधी एक्सेल यादी आणि स्टेशनचा ताजा बॅकअप, एवढ्या पाच गोष्टी हॅन्डओव्हरच्या यादीत नावानिशी लिहून घ्याव्यात. त्या दिवशी ठेकेदाराचा लॅपटॉप प्रोजेक्टरपासून काढून ठेवायला सांगावा, बीएमएस रूमच्या पीसीवर ऑपरेटरच्या लॉगिनने प्रत्येक पान उघडून बघावे आणि त्यानंतरच कागदावर सही करावी.